पहिला पाय

माझा नवरा हितेंद्र गाडीचं काम कधीच गॅरेजला देत नाही. पान्यांचा डबा, मोबाइलवरचा व्हिडिओ आणि बॅटरी धरायला मी, एवढं असलं की त्याचं भागतं. तो गाडीखाली पाठीवर झोपतो आणि मी शेजारी उकिडवी बसून उजेड धरते. "नूतन, अठी धर ना उजेड! माह्या डोळ्यात कायले पाडते?" असं सगळ्या खळ्याला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या हातातला उजेड त्याला एकदाही बरोबर जागी पडलेला दिसला नाही.

यावलच्या पुढे, सातपुड्याच्या अंगाला आमचं गाव. केळीचं गाव. पिकअप घेतली तेव्हा ती पद्मालयाला नेऊन गणपतीपुढे नारळ फोडला आणि परत आल्या आल्या यानं ती खोलायला घेतली. कंपनी गाडी अर्धवट बनवून देते, उरलेली आपण पुरी करायची असते, अशी त्याची पक्की समजूत. आधी मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवले. घड जास्त बसावेत आणि गाडी मागून बसू नये म्हणून भंगारातून जुने पाटे आणले, जॅक लावला आणि एकट्यानं चढवले. एकट्यानं म्हणजे माझ्यासकट. एक बोल्ट गंजून अडकला होता, त्यावर रॉकेल ओतून, घण घालून, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून तो काढला. मग बागेच्या चाकोरीत घासतो म्हणून मागचा बंपर काढून टाकला. बाजूची जाळी उंच केली. हौद्यात जाड फोम अंथरला, कारण केळीला खरचटलं की व्यापारी तोंड वाकडं करतो. कॅबिनमध्ये पंखा, निळ्या लायटी आणि गाडी मागे घेताना गाणं वाजवणारा भोंगा हे तर हौसेचं झालं.

त्या फोमवर घड झोपतात. मजूर बसायला गेले की हा ओरडतो, "ए, तठी नका बसू, दबतो तो!" म्हणून मजूर जाळीच्या कडेवर बसतात, खालच्या नळीत पाय अडकवून. आमच्या गाडीत केळीला गादी आहे आणि माणसाला लोखंड. हे मी एकदा जेवताना बोलले, तर सासूबाई म्हणाल्या, "केळीच्याच जिवावर जेवतो ना आपण?" त्यांचं बरोबरच होतं. आमच्या घरात सगळ्यांचंच नेहमी बरोबर असतं.

केळी कापायला डोंगराच्या पायथ्याच्या गावातून पावरा मजुरांची टोळी येते. वना त्यांचा मुकादम. सकाळच्या एस.टी.नं ती माणसं फाट्यावर उतरतात, चालत आमच्या खळ्यावर येतात आणि इथून पिकअप त्यांना बागेबागेत फिरवते. त्यांच्यातली सगळ्यांत जुनी दिवालीबाई. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घड आणि तोंडानं सारखी कुणाची तरी मस्करी. माझं माहेर धुळ्याचं. माझ्या आईची बोली आणि दिवालीबाईची बोली जवळची, त्यामुळे तिनं "कशी शे ताई?" म्हटलं की मला घरचं माणूस आल्यासारखं वाटायचं. ती बोली सासूबाईंना आवडत नाही. सुनेनं ती उंबऱ्याबाहेर ठेवून यायची होती. म्हणून मी ती फक्त दिवालीबाईशी बोलायचे, तेही खळ्यात.

पाटे वाढवले तशी गाडी मागून वीतभर उंच झाली. त्यात बंपर गेलेला. त्या बंपरवर पाय देऊनच दिवालीबाई आजवर चढत आली होती. पहिल्या दिवशी ती मागे येऊन उभी राहिली तर हौदा तिच्या छातीला लागला.

"गाडी उच्ची व्हयनी ताई, का मन्हा पाय धाकला व्हयना?" ती म्हणाली.

सगळे हसले. वनानं वरून हात दिला, कुणीतरी खालून ढकललं आणि ती पोत्यासारखी आत जाऊन पडली. पडताना गुडघा लोखंडावर आपटला, तरी तीही हसली. मग ते रोजचं झालं. एक बाग संपली की चढा, दुसरी आली की उतरा, पुन्हा चढा. दुखरा गुडघा रोज त्याच जागी आपटायचा. हळूहळू हसणं थांबलं. टोळीची मजुरी सगळ्यांत सारखी वाटली जाते, त्यामुळे एकीला चढवण्यात वेळ गेला की बाकीच्यांची चुळबुळ सुरू होते. एका सकाळी वना माझ्यासमोरच तिला म्हणाला, "माय, पायले जमत नई ते घर ऱ्हाय. दुसरी बाई मिळी जाई."

वना वाईट माणूस नाही. त्यालाही मागे टोळी ओढायची असते.

दिवालीबाई माझ्याजवळ आली. माझा हात धरला, असा ती कधी धरत नसे. "भाऊले सांगीसन एक पायरी लाई दे ना माय. घर बठ्ठं मन्हावरच शे."

ते मला माहीत होतं. तिचा मुलगा प्रकाश गुजरातेत कामाला गेला तो तिकडचाच झाला. सून आणि नातवंडं हिच्या पदरात. डोंगरउतारावरची जमीन पावसाच्या भरवशावर, दिवाळीपर्यंत पुरेल एवढं पिकवून गप्प होणारी. पायरी नाही तर गाडी नाही, गाडी नाही तर काम नाही. इतका सरळ मामला होता.

"सांगस मी त्यासले," मी म्हटलं.

सांगितलंही. हितेंद्रनं माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी म्हशीला पैंजण मागितले. "लोडिंगच्या गाडीले पायरी कायले पाहिजे?" घड भरायला गाडीची पाठ व्यापाऱ्याच्या ट्रकला लावायची तर पायरी मधे येते, दोन्ही गाड्यांत हातभर अंतर राहतं, त्या अंतरात घड पडतो, असं बरंच काही त्यानं समजावलं. मी म्हटलं, "अहो, मग वेल्डिंग करूच नका. बोल्टवर बसवा. हवी तेव्हा लावा, नको तेव्हा काढा." हे त्याला पटलं. खोलता येणाऱ्या वस्तू त्याला मनापासून आवडतात.

"करतो ना मी. पुढच्या हप्त्यात."

पुढच्या हप्त्यात त्यानं कॅबिनच्या छताला लाल मखमल लावली. त्याच्या पुढच्या हप्त्यात भोंग्याचं गाणं बदललं. आणि दिवालीबाई रोज सकाळी गाडीच्या मागे जाऊन आधी खाली बघायची, मग माझ्याकडे. मी मान खाली घालून भांडी घासायचे.

शेवटी पायरी झाली ती श्रावणात, आणि तिच्यासाठी नाही.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. सगळे भाऊबंद एका घरी जमतात, रोट होतात, नारळाच्या माउलीला नथ घालून, साडी नेसवून चौरंगावर बसवतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. तिला डोक्यावर घेण्याचा मान मोठ्या बाईचा, म्हणजे आमच्या सासूबाईंचा, इंदिराबाईंचा. गावाजवळच्या नाल्यात आता पाण्यापेक्षा प्लॅस्टिक जास्त, म्हणून यंदा पिकअपनं तापीवर जायचं ठरलं. तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "दोन्ही हात माउलीले धरलेले राहतीन. मग मी वर चढू कशी? माह्या गुडघ्यांनी तर पाटावरून उठणं होत नही."

हितेंद्र पुढचा हप्ता म्हणाला नाही. दुपारी यावलला जाऊन लोखंडी अँगल आणि खरबरीत नक्षीचा पत्रा घेऊन आला. ग्राइंडरनं तुकडे कापले, मी टोक धरलं. वेल्डिंगच्या ठिणग्या माझ्या साडीवर उडाल्या, त्याला दिसल्याही नाहीत. दोन टप्प्यांची पायरी. पायाला लागू नयेत म्हणून कडा घासून गोल केल्या. वर लाल रंग दिला. चेसिसला भोकं पाडून जाड बोल्टांनी आवळली, वर उभं राहून उड्या मारून पाहिल्या. खरं सांगते, सुंदर केली. त्याच्या हातात कला आहे हे मी कधीच नाकारत नाही. ती कुणासाठी बाहेर येते एवढंच बघायचं.

मला राग यायला हवा होता, पण मला आनंदच झाला. निमित्त कुणाचं का असेना, पायरी तर झाली.

शनिवारी टोळी मखरासाठी केळीचे खांब घेऊन आली. दिवालीबाईनं खांब खाली टाकला आणि गाडीमागे जाऊन उभीच राहिली. मग वाकून त्या गोल कडेवरून हात फिरवला.

"लाई दिनी भाऊनी!" ती एवढंच म्हणाली. डोळे भरले होते तिचे. माझेही भरले.

तिनं लुगडं जरा वर खोचलं आणि पाय उचलला. एवढ्यात ओट्यावरून सासूबाई ओरडल्या, "ए बाई, थांब! नवीन वस्तू आहे ती. पहिला पाय माउलीचा."

दिवालीबाईनं पाय झटकन मागे घेतला. कानाला हात लावला. "हाव माय, चुकनं मन्हं. पहिला पाय तिनाच." आणि त्या दिवशीही ती नेहमीसारखी दोघांनी ओढूनच चढवली गेली, फक्त बाजूनं, चाकावरून. जाताना जाळीतून मला म्हणाली, "मंगळवारपाईन मन्ही मी चढसू, ताई. कोनी हात नई लावाना."

सोमवारी सगळं गाव खळ्यात. बँड, फुगड्या, गुलाल. सासूबाईंनी माउलीला डोक्यावर घेतलं. बायकांनी पायरीला हळदकुंकू वाहिलं. सासूबाईंनी उजवा पाय खालच्या टप्प्यावर ठेवला, डावा वरच्या, आणि पुढच्या क्षणी त्या हौद्यात उभ्या होत्या, ताठ. हितेंद्र आत होता हात द्यायला, पण हात द्यावा लागलाच नाही. 

"गुडघा दुखला नही रे!" त्या रडत म्हणाल्या. "जराही दुखला नही! माउलीनं उचललं मले!"

सुकदेव नानांनी, आमच्या चुलत सासऱ्यांनी, जयजयकार केला. बायका पुढे सरसावल्या, पायरीला हात लावून कपाळाला लावायला लागल्या. मी खाली उभी होते. पायरी बरोबर उंचीची होती, म्हणून गुडघा दुखला नाही. दिवालीबाई कितीतरी दिवस हेच तर मागत होती. पण हे सांगायची ती जागा नव्हती आणि बँडच्या आवाजात कुणाला ऐकूही गेलं नसतं.

तापीवरून परत आल्यावर सासूबाई गाडीतून उतरल्या त्या खुर्चीवर पाय देऊन. पायरीला त्यांनी पाऊल लावलं नाही. खाली आल्या आणि हितेंद्रला म्हणाल्या, "आता या पायरीवर कोणाचा पाय नको. माउली चढली आहे तिच्यावरून. काढ आणि तुळशीपाशी ठेव."

हितेंद्र देवाला उदबत्तीपुरता ओळखतो. पण तो लगेच पाना घेऊन आला. आईचं मनही राहत होतं आणि ट्रकला पाठ लावायची अडचणही जात होती. असे दोन्हीकडून जमलेले हुकूम तो फार भक्तीनं पाळतो.

"आणि दिवालीबाई?" मी विचारलं.

"तिले दुसरी करू ना."

"कधी?"

"करू म्हटलं ना. पुढच्या हप्त्यात."

मी सासूबाईंकडे वळले. "आई, गुडघे काय तुमचे एकटीचेच दुखतात का? माउलीनं पायरी दिली असेल तर ती सगळ्यांसाठी दिली असेल ना?"

"देवाची झाली ती आता, नूतन," त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. "तिच्यावर चिखलाचे पाय ठेवू द्यायचे का?"

त्यांना खरंच तसं वाटत होतं. ढोंग असतं तर मी भांडले असते. मी आत जाऊन कांदा चिरायला घेतला, म्हणजे रडण्याचं कारण कुणी विचारायला नको.

मंगळवारी टोळी आली. दिवालीबाई सगळ्यांच्या पुढे होती. नेहमी ती मागे लंगडत यायची. डोक्याला तेल लावलेलं, भाकरीचं फडकं धुतलेलं. ती सरळ गाडीच्या मागे गेली आणि तिथे बोल्टांची मोकळी भोकं बघत थांबली. मग तिची नजर तुळशीकडे गेली. तिथे पाटावर पायरी ठेवली होती. हळदीनं माखलेली, वर जास्वंदाचं फूल.

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर मला सोसलं असतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पान्यांच्या डब्यातून पायरीचे बोल्ट आणि त्यांना बसणारा पाना काढला, तुळशीपाशी गेले, फूल काढून कुंडीत ठेवलं आणि पायरी उचलली. जड होती. सासूबाई ओट्यावरून ओरडत होत्या, "अगं, काय करते तू! हितेंद्र, बघ ना रे ही काय करते!" हितेंद्र गाडी सुरू करून बसला होता. "नूतन, सकाळी सकाळी तमाशा नको!" असं आरशात बघून म्हणाला, पण खाली उतरला नाही. मी गाडीखाली पाठीवर झोपले. इतकी वर्षं बॅटरी धरली होती, कुठला बोल्ट कुठे जातो हे मला कळत होतं. बोल्ट घातले, आवळले, पुन्हा आवळले. बाहेर आले तेव्हा पाठ मातीनं भरली होती आणि सगळी टोळी माझ्याकडे बघत उभी होती.

"चढ वं दिवालीबाई," मी म्हटलं. सासूबाईंसमोर, मोठ्यानं, माझ्या आईच्या बोलीत. "तुन्हासाठीच शे ही. चढ."

दिवालीबाई पुढे आली. चपला काढल्या. तळवा दुसऱ्या पायाच्या पोटरीला पुसला. पाय उचलला. तो खालच्या टप्प्याच्या वर आला आणि तिथेच अधांतरी राहिला. हळदीचा एक ओघळ पत्र्याच्या नक्षीत सुकला होता, ती त्याच्याकडे बघत होती.

मग तिनं पाय खाली घेतला. वाकली, पायरीला हात लावला, तो कपाळाला लावला.

"नई ताई," ती म्हणाली. "कानबाईना पाय लागेल शे तठे. मी मन्हा पाय कसा ठेवू?"

"अवं, ती फक्त लोखंडनी पायरी शे!"

"तू म्हणस ते खरं व्हई. पन मन्हा पोरंबाळं शेत, ताई. त्यासले काही व्हयनं ते?"

तिनं जाळी धरली आणि पायरी टाळून, एका बाजूनं चढायला बघितलं. पायरी मधे येत होती म्हणून तिला अंग वाकडं करावं लागलं. गुडघा वर येईना. एकदा बघितलं, दोनदा बघितलं. वना वर उभा होता. त्यानं हात पुढे केला, तेवढ्यात पोरींकडे, घड्याळाकडे, आरशात बघणाऱ्या हितेंद्रकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"माय, ऱ्हाऊ दे आते," तो म्हणाला.

बाकीचे चाकावर पाय देऊन दोन्ही बाजूंनी चढले. तरण्या पोरीसुद्धा. पायरीवर एकानंही पाय ठेवला नाही. पिकअप धूळ उडवत निघून गेली. मागे लाल पायरी नवीन कोरी दिसत होती.

खळ्यात दिवालीबाई उभी राहिली, हातात भाकरीचं फडकं. मी म्हटलं, "चहा पी, बस जरा." तिनं विचारलं, "पलटतानी एस.टी. कवय शे?" मी परतीच्या गाडीची वेळ सांगितली. तिनं चपला घातल्या, तुळशीला लांबूनच नमस्कार केला आणि फाट्याकडे चालायला लागली. एस.टी.ला पायऱ्या असतात. तिला चढता आलं असेल.

ओट्यावर सासूबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. "बघ," त्या मला म्हणाल्या, "तिले समजते. तुले नही समजत."

मला इतका संताप आला की हातातला पाना मी तुळशीच्या पाटावर आदळला. पाट फुटला. 

दिवालीबाई पुन्हा आली नाही. वनानं दुसऱ्या दिवशी ममता नावाची एक पोरगी आणली, ती चाकावर एक पाय देऊन हसत हसत वर जाते. हितेंद्र म्हणतो, पायरीची गरजच नव्हती, बघ.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या संध्याकाळी गाडी परत आली तेव्हा पायरीवर बागेतला चिखल उडालेला होता. हळद कुठे दिसतही नव्हती. सासूबाई आत दूध आणायला गेल्या होत्या, पायरी धुऊन घ्यायला. हितेंद्र पाना शोधत होता. मी गाडीच्या मागे गेले, चपलांसकट खालच्या टप्प्यावर एक पाय ठेवला, वरच्यावर दुसरा आणि हौद्यात जाऊन केळीच्या फोमवर बसले.

काहीच झालं नाही. देवी कोपली नाही, गुडघाही दुखला नाही. पायरी जरासुद्धा हलली नाही. बोल्ट मीच आवळले होते.